ताईच्या नावाचं मत

१२ ऑगस्ट

ताई,

आधीच सांगते, समेट करायला लिहीत नाहीये. तू अबोला धरलास, मीही धरला, आणि इतकी वर्षं दोघींनी तो अगदी तळहातावरच्या फोडासारखा जपला. काम पडलं म्हणून लिहिते आहे. काम झालं की पुन्हा नाक वर करून बसायला आपण दोघीही मोकळ्या.

लॉन्ड्रीत युनियनने नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी मतदार नोंदणी काढली आहे. नगरपालिका आपली लॉन्ड्री ठेकेदाराला देणार अशी बातमी आहे. ठेकेदार आला की हॉस्पिटलच्या चादरी बाहेर जाणार आणि आम्ही घरी. सेक्रेटरी म्हणतो, मत नसलेल्या माणसाकडे कोणी ढुंकून बघत नाही, म्हणून एकूण एक मेंबराचं नाव यादीत आलंच पाहिजे. या सेक्रेटरीला सगळे भोंगा म्हणतात. कानात बोलला तरी गेटवरच्या वॉचमनला ऐकू जातं. तू गेल्यावर तो आला, म्हणून तू त्याला ओळखत नाहीस. तो मात्र तुला रोज हाक मारतो.

कळलं ना? मी अजून तुझ्याच कार्डावर आहे. तू व्हॅनच्या ड्रायव्हरबरोबर गेलीस तेव्हा कार्ड कपाटावर ठेवून गेलीस, आईने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, जा, चेहरा सारखाच आहे. तेव्हाच्या मुकादमाने हजेरीपुस्तकात लिहिलं, "रजेवरून परत." तिथून मी तू आहे. कागदावर तुझ्याएवढी, म्हणजे चार वर्षांनी थोराड. रिटायरही चार वर्षं आधी होणार, तेवढाच काय तो फायदा. जुन्यांपैकी आता फक्त काकू उरली आहे. इस्त्रीच्या तापत्या रोलरवर चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. तिला सगळं ठाऊक आहे, पण तिच्या पोटातून काही बाहेर येत नाही.

आता अडचण सांगते. भोंगा नोंदणीचे फॉर्म कामाच्या कार्डावरून भरतो आहे. माझ्या खऱ्या नावाने अर्ज केला तर ही बाई कोण, हा प्रश्न पहिला येणार. तुझ्या नावाने केला, आणि तिकडे तुझं नाव आधीच यादीत असलं, तर एक माणूस दोन गावांत सापडणार. इकडे आड तिकडे विहीर.

तेव्हा एवढंच कळव, तुझं नाव तिकडच्या यादीत आहे का? हो की नाही, एक शब्द पुरे. क्षेमकुशल लिहिलं नाहीस तरी चालेल. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

२९ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते, पण पोस्टमन दिसला की मी गॅलरीत जाते, तेव्हा ते खोटं होईल.

मी सही केली. करायची नव्हती. आठवडाभर टाळलं. एकदा डोकं दुखतंय म्हटलं, एकदा चष्मा घरी राहिला म्हटलं. मला चष्मा नाही. मग काल जेवणाच्या सुट्टीत भोंगा फॉर्मांचा गठ्ठा घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, तुमच्या एका सहीसाठी माझं शंभर टक्क्यांचं काम अडलंय! तुमचं काय ठेकेदाराशी सोयरीक जुळलीय की काय?"

सगळे हसले. तो वाईट माणूस नाही, ताई. बायकोच्या आजारपणातसुद्धा रोज युनियनच्या खोलीत येऊन बसायचा. त्याने प्रत्येकाचा फॉर्म आपल्या हाताने भरला आहे, कार्डावरचं नाव, कार्डावरचा जन्म, कार्डावरची खूण. कार्ड खोटं असेल असं त्याच्या स्वप्नातही येणार नाही. त्याला काय सांगणार? काकूने टेबलाखालून माझा पाय दाबला आणि म्हणाली, "कर गं बाई. कोण बघतंय एवढं."

खूण म्हणजे तो डाग. "डाव्या मनगटावर भाजल्याची खूण." तुझा तो डाग कसा झाला ते मला पक्कं आठवतं. मी तुझा डबा घेऊन आले होते. व्हॅन दारात लागली, तू तिकडे बघितलंस आणि हात चादरीबरोबर पुढे गेला. आईला म्हणालीस, रोलरचा पट्टा सरकला. पट्टा कुठला सरकला होता, सरकली होतीस तू. गंमत म्हणजे पहिल्याच महिन्यात मलाही तिथेच भाजलं. काकूलाही आहे. त्या रोलरवर जी उभी राहते तिला आज ना उद्या तो मिळतोच. साहेब लोक त्याला ओळखीची खूण म्हणतात.

तिकडे तुझं नाव असलं तर काढून टाकशील का? विचारते आहे. तुझा हक्क आहे, मला माहीत आहे. पण तुझं घर तुझ्या मतावर चालत नाही, माझं या नावावर चालतं.

११ ऑक्टोबर

ताई,

यादी लागली. युनियनच्या खोलीबाहेर भिंतीवर चिकटवली आहे. आपलं, म्हणजे तुझं, नाव तिसऱ्या पानावर आहे. वडिलांचं नाव, पत्ता, वय, सगळं छापील. मी तिथे उभी राहिले आणि उगाचच छान वाटलं. आपल्या घरातल्या कोणाचं नाव आजवर असं भिंतीवर लागलं होतं? आणि मग लक्षात आलं की माझं अजूनही लागलेलं नाही. लागणारही नाही. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि तो दाखला मी कुठे ठेवला ते मलाच आठवत नाही.

मला माझ्या नावाने शेवटची हाक आईने मारली. नंतर तू मारशील असं वाटलं होतं. आईला पोचवून आपण परत आलो तेव्हा दारात काकूने तुझ्या नावाने हाक मारली आणि आपण दोघींनी एकदम "ओ" दिली. तुझ्या कडेवर पोरगी होती. तू माझ्याकडे जे बघितलंस, ते मी अजून विसरले नाही. मी काय तुझ्या घरात घुसून नाव चोरलं होतं? टाकून गेलेली वस्तू होती ती. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस, चहासुद्धा घेतला नाहीस. तेवढ्यावरून माणूस इतकी वर्षं गप्प बसतं का गं?

बघ, समेटाचं लिहायचं नाही म्हटलं होतं.

यादीवर हरकती घ्यायला महिनाभर मुदत आहे. भोंगा म्हणतो, काही येत नाहीत. तू गप्प आहेस त्याचा मी आता असा अर्थ लावते की तू माझं ऐकलंस. हो ना?

३ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तरी लिहिते. दुसऱ्या कोणाला लिहू?

आज जेवणाच्या सुट्टीत भोंगा हरकतींचा कागद घेऊन आला. चार-पाच जणांची नावं होती, कोणाचं वय चुकलं, कोणाचा पत्ता. शेवटी माझ्याकडे बघून कमरेवर हात ठेवला आणि ओरडला, "ताई, अहो तुम्ही तर मेलात!"

मला वाटलं, थट्टा आहे. त्याने कागद वाचून दाखवला. या नावाची, याच जन्मतारखेची, याच वडिलांची मुलगी असलेली मतदार दुसऱ्या गावच्या यादीत होती, मयत झाल्याने नाव वगळलं. कॅन्टीनमध्ये एकच हशा. बॉयलरवाला म्हणाला, "तरीच मी म्हणतो, ताईंना उन्हाळ्यात घाम कसा येत नाही." वाढणाऱ्या बाईने विचारलं, "मग यांचं जेवण कमी करू का उद्यापासून?" काकू पाठमोरी होती. तिला अजून अर्थ लागला नव्हता. ती हसत म्हणाली, "रोज मरे त्याला कोण रडे," आणि मग वळून तिने माझं तोंड बघितलं.

मी हसत होते, ताई. सगळ्यांबरोबर हसत होते. दात दिसत होते माझे. दुसरं काय करणार होते? माझी बहीण गेली म्हणायला तोंड उघडलं असतं, तर कोणती बहीण, कोणाची बहीण? कार्डावरच्या बाईला बहीण आहे असं कुठे लिहिलंय?

सुट्टी संपली आणि आम्ही रोलरवर गेलो. काकू चादरीचं टोक धरून माझ्याकडे बघत राहिली. मशीनच्या आवाजात तिने एवढंच विचारलं, "खरं का गं?" मी म्हटलं, "चादर सरळ धर." संध्याकाळपर्यंत चादरी घातल्या. रजा मागायला गेले नाही. काय सांगून मागू? लॉन्ड्रीत बहीण वारली तर रजा मिळते, पण स्वतःच वारल्यावर मिळत नाही.

तू कधी गेलीस? आजारी होतीस? मी तुला ऑगस्टपासून टोमणे मारते आहे, ते तू ऐकलेस की नाही?

१६ नोव्हेंबर

ताई,

आज सुनावणी झाली. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला नगरपालिकेत गेले होते. सोबत भोंगा. तो माझ्यासाठी अर्धा दिवस बिनपगारी काढून आला, आणि अख्ख्या रस्त्यात मला धीर देत होता. "घाबरायचं नाही ताई. समोर उभं राहायचं. जिवंत माणसाला पुरावा कशाला लागतो!" मी मान हलवत होते.

न जाऊन चालणार नव्हतं. न गेले तर यादीतलं नाव तर कटलं असतंच, वर कार्डावरची बाई मयत आहे हे पालिकेतून थेट लॉन्ड्रीच्या ऑफिसात गेलं असतं, एकाच इमारतीत आहेत दोन्ही. मग रोलरवर उभी आहे ती कोण? काकूचीही नोकरी गेली असती, माहीत असून लपवलं म्हणून.

कारकून तरुण होता, सर्दी झालेला. त्याने विचारलं, "हे तुमचंच नाव?"

मी हो म्हटलं.

"तुम्ही जिवंत आहात?"

भोंगा म्हणाला, "साहेब, चहा पाजून बघा!" कारकून हसला नाही. त्याने कार्ड बघितलं, माझा हात मागितला, मनगट उजेडात धरलं. डाग बघितला. "बरोबर आहे," म्हणाला. मग माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं की मी अमुक अमुक, हयात आहे. मी तुझी सही केली. इतकी वर्षं करते आहे.

त्याच्या समोरच्या कागदावर तुझा पत्ता उलटा दिसत होता. माझ्याकडे असलेला नव्हता, वेगळाच होता. तुम्ही घर बदललं होतं. म्हणजे माझी पत्रं तुझ्यापर्यंत पोचलीच नाहीत, कोणाच्या दारात पडली देव जाणे. मी विचारलं, "मयत कधीची दाखवली आहे?" त्याने बोट फिरवून सांगितलं, मे महिना. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तू नव्हतीसच.

"कोणी दिली ही माहिती?" हे भोंग्याने विचारलं.

कारकून म्हणाला, "मुलीने. तिने अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःचं नाव घालायला अर्ज केला, त्याच वेळी आईचं नाव वगळायचाही केला. आता तो खोटा ठरतो. तिला नोटीस जाईल, तुमच्या या जबाबाची प्रत जोडून. तिचं नाव तोवर अडकेल."

मी म्हटलं, "नोटीस नको. लेकरू आहे, चूक झाली असेल."

"नियम आहे बाई. जिवंत माणसाला मयत दाखवायचं म्हणजे गंमत नाही."

एक वाक्य बोलायचं होतं, ताई. पोरगी खरं बोलते आहे, एवढंच. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. भोंगा माझ्या शेजारी उभा होता, अर्ध्या दिवसाचा पगार घालवून, आणि मी ते गिळलं.

बाहेर आल्यावर तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "ताई, तुम्हाला मुलगी आहे हे माहीत नव्हतं. घरचं काही भांडण आहे का?"

दुसऱ्या पाळीपर्यंत सगळ्या लॉन्ड्रीत झालं. ताईंची नवऱ्याकडे राहिलेली मुलगी आहे, तिने आईला जिवंतपणी मारलं. बायकांनी माझा नवराही तयार केला, दारुडाही केला, आणि मी किती सोसलं तेही ठरवलं. वाढणारी बाई, जेवण कमी करू का म्हणाली होती तीच, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडा ताई. पोटच्या पोरीने असं करावं? रडून घ्या."

आणि मी रडले. कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर, हमसून हमसून. तुझ्यासाठी रडायची परवानगी मला अशी मिळाली, तुझ्या पोरीला शिव्या देणाऱ्यांच्या मध्ये बसून. कोणी तिला नागीण म्हटलं, कोणी काय. मी कोणाचं तोंड धरलं नाही.

१४ डिसेंबर

ताई,

मत देऊन आले त्याला पंधरवडा होत आला. रांगेत लॉन्ड्रीतले सगळे होते, कडक इस्त्रीचे कपडे घालून. भोंगा रांगेच्या टोकाशी उभा राहून एकेक मोजत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोलीत तुझं नाव मोठ्याने वाचलं. मी पुढे झाले, बोटाला शाई लावून घेतली. तू तुझ्या मताचं काय केलं असतंस मला माहीत नाही. मी आपलं भोंग्याने सांगितलं त्या उमेदवाराला दिलं.

तो निवडून आला. भोंग्याने पेढे नाहीत तर निदान चहा तरी म्हणून सगळ्यांना पाजला. आठवड्याच्या आत तोच नवा नगरसेवक ठेकेदाराच्या गाडीतून लॉन्ड्री बघायला आला. मशिनं मोजून गेले. जाताना आमच्या रोलरपाशी थांबून म्हणाला, "जुनं झालंय." यंत्राला म्हणाला की आम्हाला, कोण जाणे. भोंगा त्या दिवसापासून हळू बोलतो, दोनदा विचारावं लागतं काय म्हणालास.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. पत्र आलं आहे. पाकिटावर तुझं नाव, माझा पत्ता. आत हे आहे:

"आई, ऑफिसातून नोटीस आली. तू जिवंत आहेस आणि या पत्त्यावर राहतेस असं लिहिलं आहे. खाली तुझी सही आहे. बाबा म्हणतात ऑफिसची चूक आहे, असं होतं. मलाही माहीत आहे. शेवटचं पाणी मीच तुझ्या तोंडात घातलं. तरी मी सही सारखी बघते. तू असशील तर तुझ्या डाव्या मनगटावर काय आहे आणि ते कसं झालं तेवढं लिही. दुसरं काही लिहू नकोस, मी समजेन. नसशील तर ज्या कोणी बाई आहात त्यांनी माफ करावं."

अक्षर तुझ्यासारखं आहे. "ळ" काढताना तूही असाच पाय लांब सोडायचीस.

ताई, मला उत्तर माहीत आहे. जगात तुम्हा तिघांशिवाय ते मलाच माहीत आहे. दारात व्हॅन लागली होती, एवढं लिहिलं की पुरे. तिला आई मिळेल आणि मला कोणीतरी मिळेल. दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात तयार आहे.

आणि खरं लिहिलं तर माझ्याच हाताने पुरावा दिला. ती तो ऑफिसात दाखवेल, दाखवायलाच हवा, नाहीतर खोटी ती ठरते. मग मी गेले, काकू गेली, आणि भोंग्याचं शंभर टक्के काम खोटं पडलं. ठेकेदाराला तरी दुसरं काय हवंय? ही बघा तुमची युनियन, मेलेल्या बायकांची मतं टाकते, असं म्हणायला त्याला एक पत्र पुरे. काकूला सगळं सांगितलं. तिने हातातल्या चादरीची घडी घातली आणि म्हणाली, "माझं सोड. माझे तसेही गुडघे गेलेत. पोर वाट बघत असेल."

तू असतीस तर विचारलं असतं काय करू.

१७ डिसेंबर

बेटा,

तू दुसरं काही लिहू नकोस म्हणालीस, पण मला लिहावं लागेल.

तुझ्या आईच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. तो कसा झाला ते मला माहीत आहे, तरीही मी तुझी आई नाही. मी तिची धाकटी बहीण. तुझी आई काम सोडून गेली तेव्हापासून तिच्या कार्डावर, तिच्या नावाने मी काम करते. नोटिशीखालची सही माझी. तिच्या नावाने यंदा मतही मीच दिलं. तू ऑफिसात जे सांगितलंस ते खरं आहे, आणि मी जे सांगितलं ते खोटं. हे पत्र तिथे दाखव म्हणजे तुझं नाव मोकळं होईल. माझी काळजी करू नकोस. इकडे एक काकू आहेत, त्यांचाही यात दोष नाही, कोणी विचारलं तर एवढं सांग.

तू तिच्या कडेवर होतीस तेव्हा मी तुला बघितलं आहे. तू माझी वेणी ओढली होतीस.

माझं एकच काम आहे, जमलं तर कर. ती कशाने गेली, आणि माझं कधी काही बोलली का, एवढं कळव. एक ओळ पुरे. पाकिटावर मात्र तिचंच नाव घाल. माझ्या नावाचं इथे कोणी राहत नाही.

तुझी मावशी